मळलेली वाट

मराठी समीक्षेला मळलेली वाट कधीच फारशी आवडलेली नाही. एखाद्या कवीची बोळवण करायची असेल, तर तो मळलेल्या वाटेनेच गेला, एवढे एक वाक्य पुरते. गौरव करायचा असेल, तर त्याने नवी वाट चोखाळली असे लिहावे, हा आपला रिवाज आहे. केशवसुत, मग १९४७ सालच्या ‘काही कविता’चे मर्ढेकर, मग साठोत्तरी लघुनियतकालिकांतले कवी. पदवीच्या वर्गात आम्ही आधुनिक मराठी कवितेचा जो इतिहास शिकवतो, तो पुष्कळदा वाट सोडून गेलेल्यांचाच इतिहास असतो. त्यात वावगे काही नाही. कवितेत वाट सोडल्याने कुणाच्या पायाखालची माती वाहून जात नाही. पण कोणतेही रूपक शेवटी कुठल्यातरी प्रत्यक्षातून उचललेले असते, आणि ते प्रत्यक्ष टिकाव-फावडे घेऊन समोर उभे राहिले की रूपकाची उलटतपासणी करावी लागते. सिंहगडाच्या पायवाटेवर माझ्या विद्यार्थ्यांनी जे काम केले, त्याने माझ्यापुरती ही उलटतपासणी घडवून आणली.

आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे एक पथक आहे आणि त्याची कार्यक्रम अधिकारी म्हणून जबाबदारी सध्या माझ्याकडे आहे. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर, असा तिचा साचा. या साच्यात कोणते काम ओतायचे हे ज्याच्या त्याच्या समजुतीवर असते. गाव झाडणे, रोपे लावणे, प्रभातफेरी काढणे, पथनाट्य करणे ही कामे ठरलेली. ती वाईट नव्हेत. पण त्यांतली बरीचशी शिबिराच्या सातव्या दिवशी, समारोपाच्या हारांबरोबरच सुकतात, हे या क्षेत्रात वावरणारे सगळे जाणतात. आमच्या मुलांनीच एका बैठकीत विचारले, की पुन्हा जाऊन बघता येईल असे काही करता येणार नाही का? त्यातून सिंहगडाच्या पायवाटेचा विषय निघाला. मुले तिथे नाहीतरी दर महिन्या-दोन महिन्यांनी जातच होती.

पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर सिंहगड उभा आहे. वर जायला घाटरस्ता आहे, वाहने थेट माथ्याजवळ पोचतात. तरीही आतकरवाडीकडून चढणारी जुनी पायवाट ओस पडलेली नाही. उलट, सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून तिच्यावर माणसांची रांग असते. कोणी व्यायामासाठी, कोणी हिमालयातल्या मोहिमेच्या तयारीसाठी पाठीवर वजन घेऊन, कोणी माथ्यावरच्या पिठले-भाकरीसाठी आणि मडक्यातल्या दह्यासाठी. ही गर्दी गडावरच्या प्रेमाचीच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रेमानेही वस्तू झिजतात. देवळाच्या उंबरठ्याकडे पाहिले की ते कळते.

वाट झिजते म्हणजे नेमके काय होते, हे आम्हांला भूगोल विभागातल्या सहकाऱ्यांनी तिथेच, वाटेवर उभे राहून समजावून दिले. सह्याद्रीचा हा भाग काळ्या बेसाल्टचा. त्याच्यावर मुरूम आणि मुरमावर मातीचा पातळ थर. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. त्या मातीला धरून ठेवते ते गवत. सतत पाय पडले की आधी गवत मरते, मग माती दबते. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. मग पावसाचे पाणी, ज्याने इकडेतिकडे पसरून जमिनीत शिरायचे, ते वाटेवरूनच खाली धावू लागते. धावताना त्याचा वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की वाहण्यातली ऊर्जा चौपट होते. पहिल्या पावसाळ्यात बोटभर ओघळ पडतो, पुढच्यात वीतभर, आणि काही वर्षांत वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली जाते. एकदा ती खाली गेली की ती वाट उरत नाही, ओढा होते. पावसाळा संपल्यावर त्या ओढ्यात सुटे दगड तेवढे राहतात. त्यांवर पाय मुरगळतो, म्हणून माणसे शेजारच्या गवतावरून चालू लागतात. तिथले गवत मरते. पुन्हा तेच. दोन माणसांनी शेजारी चालावे एवढ्या रुंदीची वाट अशा रीतीने बैलगाडी जाईल एवढी होते, मग तिला फाटे फुटतात.

गडाच्या उत्तरेकडच्या उतारावरचे पाणी खडकवासल्याच्या जलाशयाकडे जाते. म्हणजे रविवारी सकाळी आपल्या बुटांनी सुटी झालेली माती जून-जुलैमध्ये पुण्याच्या पिण्याच्या पाण्याच्या दिशेने निघते. हे ऐकल्यावर मुले गप्प झाली. तोवर त्यांना हे काम गडासाठी करायचे आहे असे वाटत होते.

वनखात्याची परवानगी घेऊन डिसेंबरच्या शिबिरात काम सुरू झाले. आमची आम्ही एक मर्यादा घालून घेतली होती, की तट, बुरूज, जुन्या पायऱ्या, यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. सगळी वाट आमच्या आवाक्यातली नव्हतीच. मधला सर्वांत झिजलेला, चालत पाच-सात मिनिटांचा एक टप्पा निवडला. सामान म्हणजे पहारी, टिकाव, फावडी, घमेली आणि चुन्याच्या फक्कीची एक पिशवी. पहिल्या दिवशी उत्साह एवढा, की मुलांनी मोठमोठे दगड आणून वाटेच्या ओघळात आडवी भिंतच रचायला घेतली. तेवढ्यात खालून एक गृहस्थ वर येत होते. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला टापर, हातात काठी. थोडा वेळ ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “पान्याच्या म्होरं छाती काढून हुबं ऱ्हायचं न्हाई, पोरांनो. त्याला बाजूनं जायला जागा द्यायची. मंग ते ऐकतं.”

१९७२ च्या दुष्काळात हे आजोबा ऐन तारुण्यात होते. त्या वेळी सरकारने काढलेल्या कामांवर त्यांनी खडी फोडली, नाल्यांवर बांध घातले. मजुरीबरोबर सुकडी मिळे, आणि रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो. मिलो म्हणजे काय, हे आमच्या एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नव्हते. मिलो म्हणजे ज्वारीच, पण जनावरांच्या तोंडची, हे त्यांनी ज्या सुरात सांगितले तो सूर कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. दगड कसा बसवावा, हे त्यांनी त्या दुष्काळात शिकलेले होते. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी तासभर येऊ लागले. कोणी बोलावले नव्हते.

त्यांनी सांगितलेली आणि भूगोलाच्या सरांनी होकार भरलेली पद्धत साधी होती. वाटेत दगडांची पट्टी घालायची, पण ती वाटेला काटकोनात नाही, तिरकी. तिचे खालचे टोक उताराच्या बाजूला वाटेबाहेर निघाले पाहिजे, म्हणजे वाटेवरून येणारे पाणी त्या पट्टीच्या आधाराने बाजूला वळते आणि गवतात पसरते. प्रत्येक दगडाचा मोठा भाग जमिनीत, थोडाच वर. जो दगड दोन माणसांना उचलता येत नाही तोच लावायचा, कारण एका माणसाला उचलता येणारा दगड पाणीही उचलते. पाणी जिथे बाहेर पडते तिथे खाली बारीक दगडांचे अस्तर द्यायचे, नाहीतर तिथेच नवी घळ पडते. उतार जितका तीव्र, तितक्या पट्ट्या जवळजवळ. बाजूच्या घळींत अनघड दगडी बांध, म्हणजे चुना-सिमेंट न वापरता दगडात दगड अडकवून रचलेले. आणि काम नेहमी वरून खाली करीत यायचे. पाणलोटाच्या कामात माथा ते पायथा म्हणतात, त्याचा अर्थ मुलांना तिसऱ्या दिवशी कळला. आदल्या दिवशी खाली रचलेले सगळे, वरून सुटलेल्या दगडांनी विस्कटले होते.

मला या सगळ्यात भाषेची एक गंमत वाटत राहिली. पाणी अडवा, पाणी जिरवा ही घोषणा महाराष्ट्राने इतकी घोकली आहे, की पाणी म्हटले की आपल्या तोंडी ‘अडवणे’ हेच क्रियापद येते. वाटेवर ते चालत नाही. तिथे पाण्याला वाट द्यावी लागते, आणि ती माणसांच्या वाटेपासून वेगळी काढून द्यावी लागते. दोघांची वाट एक झाली की दोघांचेही बिघडते.

दगडांचे काम कष्टाचे होते, पण सोपे होते. अवघड ठरले ते आडवाटा बंद करण्याचे काम. मूळ वाट वळणे घेत चढते. या वळणांना कारण आहे. चढ सुसह्य व्हावा हे एक आणि पाण्याला सरळ धावायला मिळू नये हे दुसरे. घाईत असलेली माणसे ही वळणे कापून सरळ उतरतात. त्यांतून डोंगराच्या अंगावर सरळ रेषेत तांबडे ओरखडे पडतात, आणि सर्वांत मोठ्या घळी या ओरखड्यांच्याच होतात. आम्ही अशा आडवाटांच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी दगड आणि वाळलेल्या घाणेरीच्या काटक्या रचून त्या बंद करायला घेतल्या. एक चुणचुणीत मुलगा, जो स्वतः नेहमी याच आडवाटांनी धावत उतरायचा, मला म्हणाला, “मॅडम, तानाजी मालुसरे काय वाटेनं चढले होते का?”

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची ती गोष्ट. ज्या कड्यावरून मावळे चढले तिथे वाट नव्हतीच, आणि वाट नव्हती म्हणूनच तिथे पहारा ढिला होता. मी काही उत्तर देण्याआधी आजोबाच म्हणाले, “त्ये येकदा चढलं, येका रातीत. तुमी दर ऐतवारी चढताय.”

मुलगा हसला, आणि काटक्या उचलायला लागला. मी मात्र त्या वाक्यापाशी बराच वेळ घुटमळत राहिले. वाट सोडणे हे शौर्य आहे की नासधूस, हे त्या कृतीत नसते. किती जण, किती वेळा, आणि कशासाठी सोडतात यावर ते ठरते. एकाने प्राण पणाला लावून एकदा ओलांडलेला कडा हे इतिहासाचे धन होते. हजारोंनी दोन मिनिटे वाचवण्यासाठी रोज ओलांडलेले वळण ही घळ होते. आपल्या समाजात प्रत्येकाला आपण तानाजी आहोत असे वाटणे आणि प्रत्येकाला दोन मिनिटे वाचवायची असणे, या दोन गोष्टी एकाच वेळी घडत आहेत, असेही मनात आले.

एम.ए.ला असताना ‘आज्ञापत्र’ अभ्यासाला होते. रामचंद्रपंत अमात्यांचे हे लेखन अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यातले दुर्गांचे प्रकरण आम्ही गद्यशैलीचा नमुना म्हणून वाचले होते. शिबिरात एका रात्री मुलांना ते पुन्हा वाचून दाखवले. गडाची वाट सुगम असू नये. असलीच तर ती मोडून तिच्यावर झाडी वाढवावी आणि दुसरीकडून अवघड वाट घालावी, असा त्यात उपदेश आहे. मुलांना आश्चर्य वाटले ते याचे, की वाट मोडून तिथे झाडी वाढवणे, हे आम्ही दिवसभर जे करीत होतो तेच, तीनशे वर्षांपूर्वी राज्यकारभाराचा भाग होते. हेतू अगदी उलटा. तेव्हा शत्रू येऊ नये म्हणून, आता मित्रांच्या पायांनी डोंगर सुटू नये म्हणून. पण वाट ही आपोआप पडत नाही, ती कुठे असावी आणि कुठे नसावी हे कुणीतरी ठरवायचे असते, एवढे भान दोन्हीकडे समान आहे. पायवाट नैसर्गिक असते हा आपला एक गोड गैरसमज आहे. ती तटाइतकीच माणसाने घडवलेली असते. फक्त तिच्या कर्त्याचे नाव कुठे कोरलेले नसते.

या ठरवण्यातच एक पेच आमच्यासमोर आला. बंद करायच्या आडवाटांपैकी एक जिथे मूळ वाटेला मिळते, तिथे एका मावशींची ताक-सरबताची बैठक होती. दोन दगडांवर फळी, वर एका झाडाची चांगली सावली. आडवाटेने धापा टाकत वर आलेला माणूस बरोबर त्यांच्यासमोर येऊन टेकायचा. ताकाची कळशी, लिंबे, साखर, पाण्याची भांडी, सगळे त्या पहाटे पायथ्यापासून डोक्यावरून आणीत. ती आडवाट बंद झाली की त्यांचे अर्धे गिऱ्हाईक जाणार, हे उघड होते. शिवाय त्या स्वतःही कळशी घेऊन त्याच आडवाटेने येत.

मुलांमध्ये दोन तट पडले. काहींचे म्हणणे, नियम तो नियम. एकीसाठी अपवाद केला तर उद्या सगळे मागतील. काहींचे म्हणणे, आपण सात दिवसांचे पाहुणे, पोट मात्र त्यांचे बाराही महिन्यांचे. एका मुलीने, जी वर्गात कधी तोंड उघडत नाही, असे विचारले, की शहरातून व्यायामाला येणाऱ्यांच्या बुटांनी पडलेली घळ बुजवायची आणि तिची किंमत ताकवाल्या मावशींनी द्यायची, हे कुठल्या हिशेबात बसते? या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. पर्यावरणाच्या चांगल्या कामांत हा प्रश्न नेहमी दाराबाहेर उभा असतो. तो सहसा आत घेतला जात नाही, इतकेच.

शेवटी मुले मावशींपाशी जाऊन बसली. तास-दीड तास बोलणे झाले. ती घळ आणखी दोन पावसाळ्यांत त्यांच्या झाडाच्या मुळांपर्यंत येईल, हे त्यांना आमच्यापेक्षा आधी दिसले होते. वरच्या वळणावर नवी जागा करायचे ठरले. मुलांनी तिथे दगड रचून बसायला कट्टा केला, फळीसाठी सपाट जागा केली. मावशींनी ताडपत्री आणली. आडवाट बंद झाली. त्या दिवशी संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, “तुमची वाट ऱ्हाईली, पर माझी सावली गेली की ओ बाई.”

हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवते आहे, कारण अहवालात ते बसले नाही. वरच्या वळणावर दुपारी ऊन लागते, ताडपत्री तापते, आणि कळशी घेऊन यायचे अंतर वाढले आहे. गिऱ्हाईक कमी झालेले नाही, वळणावर सगळेच थांबतात, असे त्यांनीच नंतर सांगितले. पण सावली ती सावली. कट्ट्यामागे लावलेली करंजाची दोन रोपे मोठी व्हायला काही वर्षे जातील. तोवर ती मुले पदव्या घेऊन निघून गेलेली असतील. कर्ज घेणाऱ्याने गाव सोडावे तसे हे आहे. म्हणून पुढच्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगितले जाते, की पाण्याचे दोन डबे वर न्यायचे आहेत, ते कुणाचे देणे आहे आणि का.

पुढचा पाऊस मृगात वेळेवर आला. पहिल्या दोन-चार सरी होऊन गेल्यावर, फार जोराचा पाऊस नसलेला दिवस पाहून काही मुलांबरोबर मी गेले. त्या टप्प्यावर उभे राहून आम्ही पाणी कसे वागते ते बघत होतो. तांबूस पाणी वरून वाटेने येई, पट्टीपाशी थबके, वळे, आणि बाजूच्या गवतात शिरून दिसेनासे होई. पुढच्या पट्टीपर्यंत येणारे पाणी त्यामुळे थोडेच असे, आणि हळू. मुलांनी टाळ्या पिटल्या नाहीत की फोटो काढले नाहीत. सगळी नुसती बघत राहिली. एका पट्टीच्या टोकाशी गाळ साचला होता आणि पाणी तिच्यावरून उडी मारू लागले होते. एका मुलाने न सांगता हातांनीच तो गाळ उपसून काढला. मला वाटते, त्या क्षणी तो खरा स्वयंसेवक झाला. त्याचे प्रमाणपत्र त्याआधीच छापून झाले होते.

या कामाचे मर्म तो गाळ आहे. पट्ट्या घालणे हे काम एकदाच होते. त्यांच्यापाशी साचलेला गाळ दर पावसाळ्यात काढावा लागतो, निसटलेले दगड पुन्हा बसवावे लागतात, मोडून काढलेल्या काटक्या पुन्हा रचाव्या लागतात, कारण माणसे त्या मोडतातच. आपल्याकडे बांधण्याला प्रतिष्ठा आहे, राखण्याला नाही. उद्घाटन बांधकामाचे होते, डागडुजीचे होत नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा सगळ्यांनाच आनंद झाला. सिंहगड त्यांत नाही, राजगड, रायगड, प्रतापगड आहेत. पण वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तट, दरवाजे, तोफा येतात. त्या दरवाजापर्यंत नेणारी पायवाट हाही वारसाच आहे, आणि तो दर जूनमध्ये थोडा थोडा वाहून जातो, हे ध्यानात येत नाही. गाडगेबाबांच्या हातात जो खराटा होता, तो मला या संदर्भात आता वेगळा दिसतो. झाडलेले अंगण दुसऱ्या दिवशी पुन्हा केराने भरणार हे झाडणाऱ्याला ठाऊक असते. तरी तो झाडतो. हे काम निष्फळ नसते. त्याचे फळ रोज नव्याने काढावे लागते, इतकेच.

वाट पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यापेक्षा वरपासून खालपर्यंत सिमेंटच्या पायऱ्या का घालू नयेत, असे आम्हांला अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. वृद्धांना त्या सोयीच्या होतील, हेही खरे. पण पाण्याची सोय न करता घातलेले सिमेंट पाणी थांबवत नाही, ते फक्त कडेला ढकलते. पाणी पायरीच्या शेजारची माती खाते, मग पायरीखालची, आणि काही पावसाळ्यांनी पायरी अधांतरी राहून तुटते. आणि तिच्या कडेने माणसे पुन्हा मातीतून चालू लागतात. सुट्या दगडांची पट्टी मात्र बिघडली तर दोन मुले आणि एक पहार यांच्या बळावर पुन्हा बसते. दुरुस्तीचे ज्ञान गावात आणि मुलांच्या हातांत राहते. हे मला अधिक मोलाचे वाटते.

आता त्या रूपकाकडे येते. मळलेली वाट या शब्दातला तुच्छतेचा सूर मला आता पूर्वीसारखा लावता येत नाही. डोंगरावर मळलेल्या वाटेने जाणे म्हणजे आपले पाऊल आधीच्या पावलांवर ठेवणे, म्हणजेच उरलेले सगळे गवत जिवंत राहू देणे. तिथे नव्या वाटेचा हट्ट हा स्वातंत्र्याचा उच्चार नसतो, तो दुसऱ्याच्या वाट्याची माती खर्च करणे असतो. परंपरेच्या बाबतीतही असे काही म्हणता येईल का, हे मी सावधपणे विचारते, कारण परंपरेच्या नावाखाली वाटा अडवणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही आणि त्यांच्या हाती मला आणखी एक दगड द्यायचा नाही. आडवाट बंद करताना मावशींपाशी जाऊन बसावे लागते, ही त्या दोहोंतली सीमारेषा आहे.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेव सांगतात, की आपण व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांना वाट विचारीत आलो. मराठीतला सर्वांत स्वतंत्र प्रज्ञेचा कवी आपल्या ग्रंथाचे वर्णन वाट विचारणे असे करतो. त्याच ग्रंथात ‘चोखाळ’ हा शब्द शुद्ध, निर्मळ या अर्थाने येतो. वाट ‘चोखाळणे’ या क्रियापदात तोच चोख आहे. आपण आज त्याचा अर्थ वाट अनुसरणे, धरणे असा घेतो, आणि जवळजवळ नेहमी तिच्यामागे ‘नवी’ हे विशेषण लावतो. पण शब्दाच्या पोटात वाट स्वच्छ करणे, नीट करणे आहे. गाळ उपसणे आहे.

पुढच्या वर्षीच्या शिबिराची यादी लागली आहे. आजोबांनी निरोप धाडला आहे, की वरच्या अंगाच्या दोन पट्ट्या ढिल्या झाल्यात, मोठ्या पहारी आणा.